तिन्हीसांजेची मोटारसायकल

८ जानेवारी

तुला आशीर्वाद.

मायन्याच्या जागी एवढेच लिहिले आहे, त्यावर रागावू नकोस. 'चिरंजीव सौभाग्यवती' लिहिणे आता न्यायालयाच्या निकालाविरुद्ध होईल, आणि 'श्रीमती' लिहायला माझी लेखणी तयार होत नाही. आशीर्वादाला कोणत्याही कागदाची अट नसते. तेवढा घेऊन पुढे वाचावेस.

हे पत्र तुझ्या गुरांच्या दवाखान्याच्या पत्त्यावर पाठवीत आहे, कारण घरचा पत्ता माझ्याजवळ नाही. माझ्या मुलाजवळ असेल. पण त्याला विचारले असते तर कारण सांगावे लागले असते, आणि कारण सांगितले असते तर वाद झाला असता. या वयात वादापेक्षा टपाल बरे. तुमच्या दोघांत जे झाले त्याविषयी मी एक अक्षरही लिहिणार नाही. ते सगळे न्यायाधीशापुढे बोलून झाले आहे; मेलेल्या खटल्याला खांदा देण्याची माझी इच्छा नाही.

विषय तुझ्या वडिलांच्या मोटारसायकलचा आहे. तू गेलीस त्या दिवशी ती बंद पडलेली होती, म्हणून इथेच राहिली. घराच्या बाजूच्या पत्र्याखाली, ताडपत्री पांघरून, ती अजून तशीच उभी आहे. मागच्या आठवड्यात मी ताडपत्री उचलून पाहिली. टाकीला गंज चढला आहे, दोन्ही चाके जमिनीला बसली आहेत आणि बैठकीच्या फोमात उंदरांनी प्रपंच थाटला आहे. दुसऱ्याची ठेव ज्याच्या घरी असते त्याने ती नुसती हरवू न देणे पुरेसे नाही. ठेवली तशी परत करणे त्याच्यावर बंधनकारक असते, याविषयी शास्त्रकारांत मतभेद नाही. म्हणून ती दुरुस्त करवून रस्त्यावर आणावी असे मनात आहे. गाडी तुझी आहे. तुझ्या अनुमतीशिवाय मी तिचा एक खिळाही हलवणार नाही.

तुझ्या सासूबाई बऱ्या आहेत. दिवसभर खिडकीजवळ बसतात. संध्याकाळचे जेवण थोडे कमी झाले आहे, वयोमानाने व्हायचेच.

उत्तर दोन ओळींचे आले तरी चालेल.


२ फेब्रुवारी

तुला आशीर्वाद.

तुझे उत्तर आले. 'आदरणीय, गाडी दुरुस्त करायला माझी हरकत नाही. मला ती नको आहे. लागतील त्या कागदांवर सही करून सोबत पाठवत आहे.' सूत्रकारांनीसुद्धा यापेक्षा एखादे अक्षर अधिक खर्चिले असते. पण सही केलीस, यात सगळे आले.

काम सुरू झाले आहे. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला सगळे 'वस्ताद' म्हणतात. ही पदवी त्याची त्यानेच घेतली असावी असा माझा तर्क आहे. आला, गाडीभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या, कमरेवर हात ठेवून म्हणाला, "आजोबा, ही गाडी नाही, खाष्ट सासू आहे. एक ऐकणार नाही आणि दहा ऐकवणार."

मी म्हटले, "सासूची निंदा या घरात हळू आवाजात करावी. ती खिडकीत बसली आहे."

खिडकीतून लगेच उत्तर आले, "ऐकलं हो मी! आधी तुझ्या सायकलीची साखळी नीट बसव, मग दुसऱ्याच्या गाडीला नावं ठेव."

तेव्हापासून तो हिला वचकून असतो.

पिस्टन आत चिकटून बसला होता. वस्तादाने वरून डिझेल ओतले आणि त्याला भिजत ठेवले. आठवडाभराने लाकडाचा ठोकळा ठेवून हलके ठोके दिले तेव्हा कुठे तो जागचा हलला. टाकीत वाळूचे खडे आणि पेट्रोल घालून, ती गोधडीत गुंडाळून हलवावी लागते. हे काम त्याने माझ्यावर सोपवले. तासभर मांडीवर घेऊन हलवली, तर आतून काळा गाळ निघाला आणि माझ्या कमरेतून कळ निघाली. चाकांच्या तारा मात्र मीच घासतो. मण्यामागून मणी ओढावा तशी तारेमागून तार पुढे येते. सकाळचा जप तिथेच होतो. देवापुढे बसलो तर अलीकडे मध्येच डोळा लागतो. चाकापुढे लागत नाही, याचा अर्थ काय लावावा ते माझे मलाच ठरवता आलेले नाही.

आता खरे कारण लिहितो. मागच्या पत्रात जे लिहिले ते खोटे नव्हते, पण पुरे नव्हते.

तुला आठवत असेल, ही कधीच आपल्याआधी जेवत नसे. तू दूरच्या गोठ्यांवर जायचीस, परतायला अंधारून यायचे, आणि ताटे मांडून ही कान रस्त्याकडे लावून बसायची. "आपलं माणूस रस्त्यावर असताना घास कसा उतरतो हो तुम्हाला?" असे मला विचारायची. फाटकाशी तुझी गाडी वाजली की उठून भात वाढायला घ्यायची.

तिला विसर पडू लागला आहे, हे डॉक्टरांचे सौम्य शब्द. सकाळी तिला सगळे ठाऊक असते. सकाळी ती म्हणते, "पोर तिकडे एकटी कशी राहत असेल, कोण जाणे." उन्हे उतरली की हे ज्ञान मावळते. मग ती ताटे मांडते, खिडकीत बसते आणि तुझी वाट पाहते. आणि तू येईपर्यंत जेवत नाही. आधी उशिरा का होईना जेवायची. आता तोंड मिटून घेते. मी घास पुढे केला की हात बाजूला सारते. "थांबा ना जरा. ती आली नाही अजून."

डॉक्टरांनी बजावले आहे की रात्रीची गोळी रिकाम्या पोटी द्यायची नाही आणि चुकवायचीही नाही. दोन्ही आज्ञा एकाच वेळी कशा पाळाव्या ते त्यांनी सांगितले नाही. तिच्या बांगड्या आता कोपरापर्यंत चढतात.

मुलगा फोनवर म्हणतो, "बाबा, तिला सरळ सांगा की ती सोडून गेली. किती दिवस चालवणार?" सांगून पाहिले. तिला ती बातमी रोज नवी असते आणि रोज ती नव्याने रडते. एकाच माणसाला एकच दुःख रोज संध्याकाळी द्यावे, असे कोणत्याही ग्रंथात मला सापडलेले नाही.

म्हणून मला ती गाडी हवी आहे. वस्ताद संध्याकाळी ती फाटकापर्यंत आणील, आवाज होईल, हिला वाटेल तू आलीस, आणि ती जेवेल. एवढाच बेत. यात असत्य किती, याचा मी पुष्कळ खल केला. गाडी खरी, आवाज खरा, वेळही खरी. खोटे असेल ते एवढेच, जे मी बोलणार नाही. सिद्धान्त लंगडा आहे, हे मला कळते. मी दमलो आहे. लंगड्या सिद्धान्ताच्या खांद्यावर हात ठेवून चाललो आहे.

एक अडचण विचारायची आहे. सगळे जोडून झाले तरी गाडी सुरू होत नाही. परवा किक उलटी बसली आणि वस्ताद दोन दिवस लंगडतो आहे. 'ही बाई माणूस बघून उठते,' असे त्याचे मत. तू कशी सुरू करीत होतीस?


२७ फेब्रुवारी

तुला आशीर्वाद.

तुझे पान भरून उत्तर आले, वर आकृतीही. किक सावकाश दाबत न्यायची, दिव्यावरच्या, वीज दाखवणाऱ्या तबकडीतला काटा मध्यावर आला की थांबायचे, हँडलजवळची छोटी दांडी ओढून अडलेला पिस्टन जरासा पुढे सरकवायचा, दांडी सोडायची, आणि मग पाय झटक्याने नाही तर पूर्ण वजनाने खाली न्यायचा. पत्रात माणसांविषयी एकही शब्द नाही. मी तक्रार करीत नाही. तुझ्या आकृतीतल्या बाणांची टोकेसुद्धा किती काळजीपूर्वक काढली आहेत, ते मी भिंगातून पाहिले.

वस्तादाला वाचून दाखवले. "हॅ, हे मला माहीत होतं," म्हणाला, आणि त्याप्रमाणे केले. तिसऱ्या खेपेला गाडी सुरू झाली. पत्र्यावरची कबुतरे उडाली. शेजारीण बाहेर येऊन म्हणाली, "अगंबाई, ही अजून जिवंत आहे?" ते गाडीविषयी होते की माझ्याविषयी, हे विचारण्याचे धैर्य झाले नाही. तपासणीच्या कार्यालयात तुझ्या सहीचे कागद चालले. दिवे, ब्रेक, भोंगा, सगळे पाहून साहेबांनी शिक्का मारला. गाडी रीतसर रस्त्यावर आली आहे.

आता निष्फळतेची हकीकत. पहिल्या संध्याकाळी वस्तादाने ती मोठ्या रुबाबात फाटकापर्यंत आणली. मी हिच्या शेजारी बसलो होतो. हिने मान वर केली, ऐकले, आणि पुन्हा रस्त्याकडे पाहू लागली.

"गाडी आली वाटतं," मी म्हटले.

"आली असेल कुणाची तरी. शिवणयंत्रासारखी बोलतेय."

तीन संध्याकाळी असेच झाले. चौथ्या दिवशी वस्तादाला खोदून विचारले, तेव्हा कळले की त्याने जुना सायलेन्सर काढून नवा, चकचकीत बसवला आहे. "सडका होता आजोबा, मी माझ्या खुशीने बदलला. आता कशी लोण्यासारखी चालते!" मी कपाळावर हात मारून घेतला. जन्म पोथ्यांचे पाठ लावण्यात गेला माझा. पोथी उतरवणाऱ्याने जुने, आर्ष रूप दिसले की ते अशुद्ध समजून सुधारावे, आणि मूळ वाणीच नाहीशी व्हावी, हा अपराध मी हजार वेळा पाहिला आहे. इथे माझ्याच अंगणात तो घडला आणि मी बाजूला बसून तारा घाशीत होतो.

म्हणून विचारतो. त्या आवाजात काय होते? मला आठवते ती एक खरखर, दम लागलेल्या माणसाच्या बोलण्यासारखी. आणि फाटकाशी आल्यावर काहीतरी व्हायचे, जे ऐकून ही उठायची. ते काय होते, ते मला सांगता येत नाही. मी त्या वेळी वाचीत असे.

ही आता दुपारीही कमी जेवते.


१५ मार्च

तुला आशीर्वाद.

हे पत्र दोनदा लिहून फाडले आहे.

तू सगळे कळवलेस. सायलेन्सरच्या आतली जाळीची नळी तूच काढून टाकली होतीस, ती कोंडायची म्हणून. शेवटाला चीर होती, तिथून खरखर यायची. आणि फाटकाशी तू दोनदा मूठ पिळून मग गाडी बंद करायचीस, म्हणजे आईंना कळावे. तुझ्या पत्राच्या आरंभी या वेळी 'बाबा' असे होते. मी ते पान बाजूला ठेवून आधी बाकीचे वाचले, आणि मग पुन्हा ते पान वाचले. शेवटी तू लिहिले होतेस: 'बाबा, आवाज ऐकून आई दाराशी येतील. मग काय कराल?' ही ओळ मी वाचली. वाचून घडी घातली. ज्याला प्रश्नाचे उत्तर नको असते तो प्रश्नाला अप्रस्तुत ठरवतो. हे तंत्र मी विद्यार्थ्यांना शिकवले आहे आणि स्वतःही वापरले.

जुना सायलेन्सर वस्तादाने आपल्या अंगणातल्या वेलीला आधार म्हणून रोवला होता. वेल सोडवून तो उपटून आणला, धुतला, बसवला. परवा संध्याकाळी गाडी निघाली. मी खिडकीशी होतो. वळणावर आवाज आला आणि, खरे सांगतो, क्षणभर मलाच वाटले, आली. मग फाटकाशी दोनदा मूठ, आणि शांत.

ही ताठ झाली. "आली," म्हणाली. "अहो, आली! दार उघडा, तिच्या हातात पिशव्या असतील."

मी तिचा तो सूर वर्षानुवर्षे ऐकला नव्हता. खुर्चीला हात न लावता उठली. ताटे होती त्यांना हात लावला, सरळ केली, भाताचे झाकण काढले. माझे डोळे भरून आले. देवाला मनातल्या मनात नमस्कार केला, आणि त्या नमस्कारात थोडा अहंकारही होता.

"हात धुतेय वाटतं," ही म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "इतका वेळ?" आणि मी वाटेत उभा राहीपर्यंत ती दारात पोहोचलीसुद्धा.

वस्ताद फाटकात गाडी धरून उभा होता. शाबासकीच्या अपेक्षेने हेल्मेट काढून हसला. "काय आजी, आला की नाही आवाज?"

हिने त्याच्याकडे पाहिले. मग रिकाम्या बैठकीकडे. मग त्याच्या मागच्या रस्त्याकडे.

"ती कुठेय?"

"कोण आजी?"

"गाडी तुझ्याकडे कशी आली? ती कुठे पडली? अरे बोल ना! कुठे पडलीय ती?"

वस्ताद माझ्याकडे पाहू लागला. तू विचारले होतेस ना, मग काय कराल? मी काहीही केले नाही. जुन्या कथांतून घोडा एकटाच परत येतो आणि घरातल्या बायकांना दूताची गरज उरत नाही. असल्या कथा मी भर वर्गात रसाळपणे सांगितल्या आहेत. त्या बाईच्या बाजूला उभे राहिल्यावर काय दिसते, ते परवा पाहिले. ती अनवाणी रस्त्यावर निघाली होती. आम्ही दोघांनी धरून आणली. वस्ताद तिच्या पायांशी बसून रडत म्हणत होता, "आजी, काही झालेलं नाही हो, मीच चालवत आणली, आईशपथ." तिला त्याचा एक शब्द पटला नाही. त्या दिवशी जेवली नाही. काल पाणीही नाकारले. संध्याकाळी डॉक्टरांनी घरी येऊन सलाईन लावले.

मी आवाज दुरुस्त केला आणि तिच्या मनातली तू पाडलीस. म्हणजे मी पाडली. क्रियापदही आता नीट बसत नाही.

यात तुझा काही दोष नाही. सत्याचे नुसते शरीर आणून उभे केले तर त्यात प्राण कुठून येणार होता?

मुलाला कळवले. तो येऊन गेला. दाराबाहेर उभा राहून म्हणाला, "मी तिला फोन करू का?" तिला म्हणजे तुला. मी नको म्हटले. त्याचा चेहरा उतरला. तोही आपल्या आईचाच मुलगा आहे. हे केवळ माहितीसाठी.


२४ मार्च

तुला आशीर्वाद.

सलाईन काढले आहे. दोन घास जातात, तेही दुपारी.

काल दुपारी तिचे डोळे स्वच्छ होते. छताकडे पाहत म्हणाली, "माझ्या लक्षात आलं. गाडी तो काळ्या हातांचा घेऊन फिरतोय. म्हणजे ती चालत येत असणार. म्हणून उशीर होतो रोज."

मी म्हटले, "असेल."

"असेल काय? तुमचं लक्षच नसतं कशात. एवढ्या लांबून चालत यायचं म्हणजे थट्टा आहे का? गाडी पाठवून द्या तिच्याकडे."

जन्मभर मी तर्कशास्त्र शिकवले. इतके निर्दोष अनुमान माझ्या कोणत्याही विद्यार्थ्याने केले नाही. आणि ठेव परत करण्याचा निर्णय मी जानेवारीतच केला होता, निदान कागदावर तरी. तेव्हा गाडी पाठवीत आहे. तू नको लिहिले होतेस. तरीही घ्यावीस, कारण ही आज्ञा माझी नाही.

माल वाहून नेणाऱ्या ट्रकमध्ये आज सकाळी चढवली. वस्तादाने दोरांनी चारही बाजूंनी आवळली, खाली जुन्या गाद्या घातल्या आणि चालकाला इतक्या सूचना दिल्या की तो म्हणाला, "गाडी पाठवताय की मुलगी?" वस्ताद म्हणाला, "दोन्ही समज. ओरखडा आला तर बघ." ही दारातल्या खुर्चीत बसून पाहत होती. मग मला हात धरायला लावून उठली, ट्रकपाशी गेली आणि पदराने बैठक पुसली. चालकाला म्हणाली, "सावकाश न्या. आणि तिला सांगा, अंधार पडायच्या आत निघत जा म्हणावं."

वस्तादाचे निरोप असे: पुढचा ब्रेक नवा आहे, पहिले काही दिवस ओढेल. तेल गळते, पण 'ते गळायलाच पाहिजे, गळायचं थांबलं म्हणजे संपलं समजा.' मागचे चाक किंचित डावीकडे जाते, ते तुझ्या वडिलांच्या वेळेपासूनच आहे, असे तूच लिहिले होतेस, म्हणून त्याने त्याला हात लावलेला नाही. या वेळी कशाला हात लावायचा नाही, हे तो मला विचारून ठरवतो.

या पत्रात येण्याची विनंती शोधू नकोस, ती नाही. तू आलीस तर तुला परत जावे लागेल, आणि ते परत जाणे तिला रोज संध्याकाळी नव्याने पाहावे लागेल. तुझ्याकडे तुझी गुरे आहेत, तुझी माणसे असतील. मी काही मागत नाही. मागायचे काय, हेही मला आता सुचत नाही. पत्र्याखालची जागा मोकळी झाली आहे. मी सवयीने तिथे जाऊन बसतो. घासायला तारा नाहीत. जप होत नाही.


१६ एप्रिल

तुला आशीर्वाद.

फोन ठेवल्यावर इकडे काय झाले ते तुला ऐकू आले नसेल, म्हणून लिहितो.

आधी आमच्या बाजूने आरंभ सांगतो. परवा तिन्हीसांजेला ताटे मांडून झाली होती. मी हिला रोजच्याप्रमाणे एक घास घे म्हणून सांगत होतो आणि ती रोजच्याप्रमाणे थांबा म्हणत होती. घरातला फोन हल्ली मुलाखेरीज कोणी करीत नाही, आणि तो सकाळी करतो. मी उचलला. तू म्हणालीस, "बाबा, गाडी मिळाली. चालवते आहे. आईंना द्या." मी 'कशी आहेस' म्हणायला तोंड उघडले तर ही मागे उभी, हात पुढे करून. "द्या इकडे. तुम्ही काय बोलणार."

तुझे बोलणे मला कळले नाही, पण हिचे सगळे ऐकले.

"पोहोचलीस? ... आत्ता? ... एवढा उशीर का गं? ... गाय अडली होती? अगंबाई. मग? ... आणि वासरू? ... दोघं बरी आहेत ना. हं. हात धुतलेस का नीट? कोपरापर्यंत? ... गाडी आत घेतलीस का? ... बरं. कडी लाव दाराला."

एवढेच. फोन माझ्या हातात दिला, तोवर तू ठेवला होतास. कदाचित तुला बोलता येत नसेल. 

मला वाटले, आता विचारील, पोहोचली तर घरात का नाही. पोहोचली म्हणजे कुठे. मी उत्तराची जुळवाजुळव करू लागलो. तिने काही विचारले नाही. दोन ताटे वाढली, तिसरे उचलून मांडणीवर ठेवले आणि म्हणाली, "बसा. ती पोहोचली."

जेवली. पुरे जेवली असे नाही. पण ताटातले संपवले आणि भात पुन्हा घेतला. गोळी घेतली. मग खिडकी लावली. ती खिडकी संध्याकाळी तिने स्वतःच्या हाताने लावल्याला किती दिवस झाले, मी मोजलेले नाहीत.

मी आवाजामागे धावलो. वेलीच्या मुळाशी गेलेला सायलेन्सर उकरून आणवला. तिला आवाज नकोच होता. आपले माणूस रस्त्यावरून उठून कोठेतरी भिंतींच्या आत सुखरूप पोहोचले आहे, एवढे तिला हवे होते, आणि त्या भिंती आमच्याच असल्या पाहिजेत, अशी तिची कधी अट नव्हती. अट माझ्या डोक्यात होती. वस्तादाला सांगितले तर त्याने आधी पोटरी चोळली. मग म्हणाला, "म्हणजे मी उगाच तंगडी मोडून घेतली?" मी म्हटले, "उगाच नाही. गाडी चालू झाली म्हणून ती पोहोचली." त्याला ते पटले. मलाही थोडेफार.

काल तू पुन्हा फोन केलास. कालचे बोलणे परवाच्याइतकेच होते. आज सकाळी तिला सगळे आठवत होते, म्हणाली, "पोर तिकडे एकटी आहे, तरी रोज कळवते. तुमच्या मुलाला शिकवा काहीतरी." तू रोज करशील असे मी गृहीत धरलेले नाही. ज्या दिवशी जमणार नाही त्या दिवशी मी तिला सांगेन की गाय अडली असेल. ते बहुधा खरेच असेल.

मी फार दमलो आहे, बाळ. हे मी कोणाला लिहिले नव्हते. परवा हिचे जेवण झाल्यावर मी देवापुढे बसलो आणि बसल्या जागी झोपलो. हिनेच येऊन पांघरूण घातले असावे. सकाळी ते खांद्यावर होते.

पत्र इथे संपवीत होतो. ही मागून येऊन वाचते आहे. वाचता येत नाही तिला आता नीट, पण खांद्यावर हात ठेवून उभी आहे, आणि विचारते आहे, "एवढं काय लिहिताय? तिने जेवण केलं का, ते विचारलंत?"

नाही विचारले. फोनवर दोन्ही दिवस राहून गेले.

जेवलीस का?